गावंडेबाईंची राहिलेली घोषणा

गावंडेबाईंचा आवाज मी आधी ऐकला, बाई नंतर पाहिल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. यवतमाळकडे जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. दिग्रसमार्गे पुसदकडे जाणारी गाडी वीस मिनिटं उशिरा धावत आहे. आपल्या मुली तीन बाद एकशे सहा. गाडीत चढताना ढकलाढकली करू नये."

तेव्हा मी या गावात नवा होतो. अमरावतीहून बदलून आलेला गणिताचा मास्तर. खोली तालुक्याच्या गावात आणि शाळा आत बारा किलोमीटरवर, त्यामुळे दिवसातून दोनदा बस स्थानकाच्या बाकावर बसणं नशिबी आलं होतं. भोंग्यातून आलेली ती बातमी ऐकून मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "कोणाच्या मुली?"

"मॅडमच्या."

"किती आहेत त्यांना?"

"अकरा," म्हातारा म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला.

मी उठून खिडकीशी गेलो. आत साडीवर खाकी कोट घातलेल्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या बाई बसल्या होत्या. एका हाताशी माइक, दुसऱ्या हाताशी नोंदवही आणि समोर शिक्क्याच्या डबीला टेकवून उभा केलेला मोबाइल. चालक-वाहक कागद पुढे सरकवत होते, बाई न बघता सही करत होत्या, आणि नजर मोबाइलवर. मला पाहून म्हणाल्या, "काय पायजे?"

"शाळेची गाडी किती वाजता येईल?"

"येईन तेव्हा सांगीन. दिसल्याबिगर मी सांगत नसते."

पुढे बारा-तेरा वर्षं मी या गावात काढली; त्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांचा प्रवासी आणि एकूण दहा वर्षं त्यांचा शेजारी होतो. मला क्रिकेटमध्ये काडीचाही रस नव्हता, आजही बेताचाच आहे. तरी देशाच्या महिला संघात यष्टीमागे कोण, डावखुरी कोण, कोणाचा गुडघा दुखतो हे मला पाठ झालं. भोंग्याच्या टप्प्यात राहणाऱ्या सगळ्यांनाच झालं होतं. भाजी विकणाऱ्या बायासुद्धा वांगी तोलता तोलता "ते नवी पोरगी बरी टाकून राह्यली" असं म्हणत.

पुरुषांच्या सामन्याचे आकडे मात्र बाई कधी सांगत नसत. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "त्यायले पाहाले सारा देश बसला हाय. माह्या भोंग्याची गरज नाही त्यायले."

वाहतूक नियंत्रक म्हणून बाईंचे दोन नियम होते आणि ते त्यांनी कुठल्याही पुस्तकातून घेतलेले नव्हते. पहिला हा की, गाडी आपल्या डोळ्यांनी फाटकातून आत शिरताना दिसल्याखेरीज 'आली' म्हणायचं नाही. मागच्या स्थानकावरून फोन येई, "मॅडम, गाडी निघाली, पोचतेच हाय." बाई ऐकून घेत आणि गप्प बसत. "फोनवर सगळ्याच गाड्या निघते," त्या म्हणत. "अर्ध्या पंक्चर होऊन लाडखेडच्या रस्त्यावर उभ्या रायते." त्यावर त्यांची एक म्हण होती, ती त्या दिवसातून एकदा तरी कोणाला तरी ऐकवत: "गाडी लागली म्हणजे सुटली नाही, अन् सुटली म्हणजे पोचली नाही."

दुसरा नियम असा की, चुकीची घोषणा झाली तर ती ज्याने केली त्यानेच, त्याच भोंग्यावरून, चूक कबूल करून दुरुस्त करायची. नुसतं नवं सांगून भागवायचं नाही. एकदा त्यांनी कळंबच्या गाडीला दोनऐवजी चार नंबरचा फलाट सांगितला. चिंतामणीच्या दर्शनाला निघालेलं एक अख्खं कुटुंब, नारळांच्या पिशव्यांसह, तिकडे धावलं. बाईंची कामाची पाळी तेव्हा संपली होती, पर्स खांद्याला लावून त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या. तिथून परत आल्या, पाळीवर बसलेल्या माणसाच्या हातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "मघाशी कळंबकडे जाणारी गाडी फलाट चारवर आहे असं सांगण्यात आलं, ते चुकीचं होतं. चूक माझी आहे. गाडी दोनवर आहे." आणि मग घरी गेल्या.

मी विचारलं, "त्या दुसऱ्या माणसाने सांगितलं असतं की."

"लोकाईच्या कानात माहा आवाज बसला ना, सर. दुसऱ्यानं सांगतलं त लोक म्हणतीन, आता कोणाचं खरं मानाव?"

त्या क्रिकेटच्या नादाने कधी कामात चुकत नसत असं मात्र नाही. नोंदवहीत प्रत्येक गाडीपुढे येण्याची आणि सुटण्याची वेळ लिहायची असते. एकदा वरून तपासणीला आलेले साहेब वही चाळत होते आणि यवतमाळच्या गाडीपाशी थबकले. सुटण्याच्या रकान्यात बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: १४२/४. पुसदची गाडी १५८/५ ला सुटली होती. शेवटची दिग्रस तर सर्वबाद १९० ला.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, ही काय वेळ झाली?"

बाई शिक्क्याच्या डबीचं झाकण उघडमीट करत राहिल्या. तेव्हा कॅन्टीनचे रशीदभाई, जे साहेबांचा चहा घेऊन आले होते, मदतीला धावले. "साब, टाइम बराबर हाय. चौथा विकेट गेला तवाच गाडी हलली. मी सोता पाह्यली."

साहेब हसले म्हणून निभावलं. बाईंनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या तिन्ही नोंदींवर रेघ मारून, शेजारी खऱ्या वेळा लिहून, प्रत्येकीखाली सही केली. वेळा त्यांना तोंडपाठ होत्या.

हा नाद लागला कुठून, असं मी एकदा विचारलं. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो होतो आणि त्यांचे यजमान नानाजी आत भाकरी थापत होते. नानाजी म्हणजे शांत माणूस. सहा एकर कपाशी, तूर आणि बायकोच्या ड्युटीच्या पाळ्या सांभाळणे यात त्यांचं आयुष्य सुखात चाललं होतं. बाई म्हणाल्या, "मी बाभुळगावची. आमच्या घरी चार भाऊ. पाचवा गडी पायजे म्हणून मले घेत. मंग मी त्यायच्याहून बरी टाकू लागली. यवतमाळले मुलींची निवड होती, त मास्तरनं माहं नाव देल्लं. सकाळच्या गाडीनं जायचं होतं. अन् गाडी चुकली."

मी हळहळलो. "अरेरे! नाहीतर कदाचित..."

"काय कदाचित?" बाई हसायला लागल्या. "कायले हळहळता? तीन चेंडूत एक रेषेच्या बाहेर जाये माहा. गाडी सापडली असती तरी दुपारच्या गाडीनं वापस आली असती मी."

आतून नानाजींचा आवाज आला, "सर, हे तुमाले सांगून राह्यली. मले लग्नाच्या वक्ताले सांगतलं होतं का निवड पक्की होती म्हणून."

पण शाळेच्या मुलींचा संघ खेळाला निघाला असला की बाईंची गाडी दोन मिनिटं हलायची नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे. चालकाने हॉर्न वाजवला तर खिडकीतून फक्त तळहात दिसायचा. शेवटची मुलगी, बुटाच्या नाड्या हातात धरून, धापा टाकत चढली की तो तळहात वळायचा. सुटू दे.

आता त्या रविवारचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आपल्या मुली त्याआधीही एकदा इतक्या जवळ जाऊन हात हलवत परत आलेल्या होत्या. बाईंची दुसरी पाळी होती. मी पुसदहून येऊन उतरलो तो स्थानकात ही गर्दी, आणि एकही माणूस गाडीकडे बघत नाही. सगळे भोंग्याखाली. धावा थोड्या हव्या होत्या, गडी भरपूर बाकी होते, एक मुलगी जम बसवून खेळत होती. गणिताच्या मास्तरालासुद्धा कळेल असा सोपा हिशेब होता. लोक ओरडत होते, "मॅडम, सांगा ना! झालं ना?" रशीदभाई चहाची किटली घेऊन खिडकीखाली उभे होते.

आणि बाई चुकल्या. जन्मभर पंक्चर गाड्यांवर विश्वास न ठेवणाऱ्या बाई उभ्या राहिल्या, माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. आपल्या मुली जिंकल्या आहेत!"

एकच कल्ला झाला. रशीदभाईंनी "आज सबको फुकट" म्हणून किटली रिकामी केली. एका चालकाने गाडीचा हॉर्न दाबून धरला. आमचा हा सोहळा चालू असताना तिकडे एकामागून एक गडी बाद होत होते, आणि ते फक्त बाईंना दिसत होतं, कारण मोबाइल त्यांच्यासमोर होता. मी खिडकीतून त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. थोडक्या धावांनी आपण हरलो.

दुरुस्तीची घोषणा करायची होती. बाईंनी माइक हातात घेतला. भोंग्यातून खरखर आली, श्वास ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "पुसदकडे जाणारी शेवटची गाडी फलाट तीनवर लागलेली आहे." आणि माइक बंद केला. बस. लोकांना जे कळायचं ते एकमेकांकडून कळलं आणि ते मुकाट्याने गाडीत चढले.

दुसऱ्या दिवशी मी समजूत घालायला गेलो. "बाई, हार-जीत चालायचीच."

"हारल्याचं नाही, सर," त्या म्हणाल्या. "पोरी हारल्या, पुढं जिंकतीन. मी न दिसलेली गाडी आली म्हणून सांगतली. अन् दुरुस्त केली नाही. माही जीभच नाही उचलली."

"मग आज करा."

"आज काय सांगू? हारल्या म्हणून? ते सांगाले मले माइक हाती घेववत नाही." मग म्हणाल्या, "आता जिंकतीन तेव्हाच करीन. सोताच्या डोयानं पाहीन, मंग."

त्या दिवसापासून भोंग्यावरून धावफलक बंद झाला. बाई सामने बघत, पण माइक फक्त गाड्यांसाठी. लोकांनी विचारून पाहिलं, रशीदभाईंनी गळ घालून पाहिली, बाई बधल्या नाहीत. काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी नारळ, शाल, साडी सगळं झालं, भाषणात सगळ्यांनी "एकही चूक नाही" असं म्हटलं, आणि बाई खुर्चीत चुळबुळत बसल्या. घरी येताना मला म्हणाल्या, "एक दुरुस्ती राह्यली, सर. अन् आता त माइकही गेला हातचा."

परवाच्या मोसमात पुन्हा विश्वचषक आला आणि तोवर बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजवा जास्त पिकलेला. ऑपरेशन त्यांनी दोनदा पुढे ढकललं होतं, एकदा कपाशीच्या डवरणीसाठी आणि एकदा साखळी सामन्यांसाठी. शेवटी नानाजींनी, आयुष्यात पहिल्यांदाच, आवाज चढवून यवतमाळच्या डॉक्टरांकडून शनिवारची तारीख घेतली. आणि गुरुवारी आपल्या मुलींनी उपांत्य सामना असा काही जिंकला की त्या थेट रविवारच्या अंतिम सामन्यात.

मी म्हटलं, "बाई, ऑपरेशन आठ दिवस ढकला."

"अन् पाहू काय?" त्या उखडल्या. "काल मले दोन-दोन चेंडू दिसत होते. कोणता खरा, कोणता खोटा? पाहीन त धड डोयानं पाहीन. नाहीतर माह्या पाहण्याले काय अर्थ हाय?"

शनिवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि डॉक्टरांनी सांगितलं: बुधवारी तपासणी, तोवर टीव्ही नाही, मोबाइल नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब नाही. बाईंनी घरी येताच आमच्या गल्लीच्या सहा घरांना बोलावून फर्मान काढलं. "सामना भरून ठेवा. गुरुवारी मी पाहीन. तोवर कोणी मले काही सांगाल त याद राखा. हारल्या म्हणूनही नाही, जिंकल्या म्हणूनही नाही."

ऐकायला सोपं वाटतं. त्या रात्री आपल्या मुली जिंकल्या.

पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला होता, त्यामुळे संपायला मध्यरात्र झाली. शेवटचा झेल पकडला आणि गावात फटाक्यांची एकच झोड उठली. मी धावत गावंड्यांच्या ओट्यावर गेलो तर नानाजी दारातच उभे, घामाघूम. आतून बाईंचा आवाज, "काय होय हे? फटाके कायले वाजून राह्यले?"

नानाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. अंगणात ज्वारीच्या धांड्यांचा मांडव केलेलं तुळशीवृंदावन होतं. त्या संध्याकाळीच गावात घरोघर तुळशीची लग्नं लागली होती. नानाजींना तिथेच सुचलं.

"तुळशीचं लगन होय वो."

"रात्री बारा वाजता?"

"मुहूर्तच तसा होता म्हणते."

मग बाई म्हणाल्या, "बरं," आणि कूस बदलल्याचा आवाज आला. नानाजी ओट्यावर मटकन बसले आणि आवाज न करता, तोंडावर उपरणं दाबून, हसत की रडत राहिले ते मला अंधारात कळलं नाही.

पुढचे तीन दिवस आमच्या गल्लीने जे सोसलं ते आम्हालाच ठाऊक. सोमवारचा पेपर नानाजींनी समोरच्या खोलीत भरलेल्या कापसाच्या ढिगात पार तळाशी खुपसला. रशीदभाई बाईंना बघायला आले आणि दारातूनच परत फिरले, कारण त्यांना हसू आवरेना. माझी सर्वांत पंचाईत. दिवाळीच्या सुट्या असल्याने डोळ्यात थेंब टाकायचं काम माझ्याकडे आलं होतं. आनंदी चेहऱ्याने जावं तर कळणार, दुःखी चेहऱ्याने जावं तरी त्यांना काहीतरी कळणार. मी आरशासमोर उभा राहून चेहरे करून पाहिले आणि शेवटी सहामाहीचे पेपर तपासतानाचा चेहरा पक्का केला.

"सर, पोट बिघडलं का?" बाईंनी विचारलं.

"थोडं."

"रायते असं सणासुदीत," त्या म्हणाल्या आणि डोळा वर केला.

बुधवारी डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. गुरुवारी सकाळी दहा वाजता समोरच्या खोलीत टीव्ही लागला. माझ्या भाच्याने सामना भरून दिला होता, पण तो लावताना पहिलंच चित्र नेमकं कप उंचावलेल्या मुलींचं येत होतं. मी टीव्हीकडे पाठ करून उभा राहिलो आणि वरून जुनं कॅलेंडर धरलं. खोलीत बसायला जागा नव्हती, कारण अर्धी खोली कापसाने भरलेली. त्यामुळे सगळी गल्ली कापसाच्या ढिगावर चढून बसली. बाई तेवढ्या खुर्चीत, पाठ ताठ, काळा चष्मा काढून पदराशी घेतलेला.

निकाल माहीत असलेल्या वीस माणसांनी तो माहीत नसल्याचं सोंग घेऊन सामना बघणं हे सोपं काम नव्हे. लोक गरजेपेक्षा जास्त घाबरत होते. आपल्या मुलीने साधा एक चेंडू सोडला तरी रशीदभाई "या अल्ला, गया मॅच!" म्हणून कपाळ बडवत. बाईंनी त्यांना दोनदा दटावलं. पण दुपारनंतर, जेव्हा समोरच्या संघाची कर्णधार शंभर करून खेळत होती, तेव्हा एक गंमत झाली. सोंगं थांबली. निकाल माहीत असूनही मला घाम फुटला. आता हरलोच, असं मला खरंच वाटलं. तिचा झेल उंच उडाला, खालच्या मुलीच्या हातातून निसटला, पुन्हा निसटला, आणि तिसऱ्या वेळी हातात राहिला, तेव्हा मी कापसात कमरेपर्यंत रुतलो होतो.

बाई डावा डोळा झाकून दुसऱ्या, नव्या डोळ्याने बघत होत्या. शेवटचा चेंडू उडाला. आपली कर्णधार मागे मागे पळत गेली आणि तिने तो धरला.

सगळे बाईंकडे बघत होते. बाई तशाच बसून राहिल्या आणि त्यांच्या दोन्ही गालांवरून धारा लागल्या.

नानाजी धडपडत उठले. "अवो, डोयाले पानी नोको लागू देऊ! डॉक्टरनं सांगतलं ना!"

"डॉक्टरनं नळाचं सांगतलं," बाई म्हणाल्या. "माहा खाकी कोट काढा."

कोट पेटीच्या तळाशी होता, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. तो साडीवर चढवून, काळा चष्मा लावून बाई निघाल्या आणि त्यांच्या मागे आम्ही सगळे, केसांत कापूस घेऊन. गल्लीच्या तोंडाशी मी त्यांना गाठलं. गेले तीन दिवस मला एक शंका छळत होती.

"बाई, खरं सांगा. तुम्हाला त्या रात्रीच कळलं होतं ना?"

त्या चालायच्या थांबल्या नाहीत. "तुळशीच्या लग्नात कोणी 'इंडिया इंडिया' ओरडते का, सर?"

"मग बोलला नाहीत कशाला?"

"फोन आलता म्हणा," त्या म्हणाल्या. "गाडी दिसली नव्हती."

स्थानकात पाचची गर्दी होती. खिडकीत आता एक नवा, तरुण नियंत्रक बसतो. त्याने बाईंचं नाव ऐकलेलं होतं. बाईंनी त्याला विचारलं, "दोन मिनिटं देता का?" तो उठून उभा राहिला आणि त्याने खुर्ची पुसून दिली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी माइकवर बोटाने टकटक केलं, आणि कित्येक वर्षांनी तो आवाज आमच्या गावावर पसरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मागे एका रविवारी या भोंग्यावरून, आपल्या मुली जिंकल्या आहेत, अशी घोषणा करण्यात आली होती. ती चुकीची होती. चूक माझी होती. दुरुस्ती करायची राहून गेली, त्याबद्दल दिलगिरी आहे." इथे भोंग्यात श्वास ऐकू आला. मला तो जुना श्वास आठवला. पण आवाज फुटला. "दुरुस्ती अशी आहे की, आपल्या मुली जिंकलेल्या आहेत. मी स्वतः पाहिलं आहे."

फलाटावर क्षणभर कोणाला काही उमगेना. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, "हे त आमाले सोमवारीच मालूम झालं. हे मॅडम आज काहून सांगून राह्यल्या?"

"आज गाडी पोचली, मावशी," मी म्हटलं.

पण जुन्या लोकांना कळलं. तंबाखू मळणाऱ्यांच्या बाकावरून आधी एक टाळी आली, मग पाच, मग सगळा फलाट. एका चालकाने हॉर्न दाबून धरला. रशीदभाई किटली घेऊन धावत आले आणि ओरडले, "त्या दिवशीचा चहा आज हलाल झाला रे भाऊ! अजून घ्या!"

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली अमरावतीला झाली, आणि बाईंचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांसमोर त्या दिवसाचंच शेवटचं दृश्य येतं. नानाजी चहाचा कप घेऊन खिडकीपाशी उभे आहेत, तरुण नियंत्रक नोंदवही पुढे करतो आहे, आणि बाई त्यात वेळ लिहीत आहेत. यवतमाळची गाडी, भरलेली, इंजिन सुरू करून थांबली आहे. चालक खिडकीकडे बघतो आहे, या बाईंनी सांगितल्याशिवाय कसं निघायचं म्हणून. काळा चष्मा लावलेल्या बाईंनी एकदा फाटकाकडे पाहिलं, कोणी मुलगी धावत येत नाही ना याची खात्री केली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून तळहात वळवला.

सुटू दे.